शिंगं

चिठ्ठी होती. नाही असं नाही.
निरंजनच्या अक्षरातला पत्ता
स्वेटरच्या खिशात, चार घड्या घालून.
पण हातमोजे बर्फाने भिजलेले,
उलगडली तेव्हा
नुसता एक निळा डाग.

टोलेडोत जानेवारीत दिवस पाचलाच मिटतो.
बसचा नंबर बरोबर होता,
दिशा उलटी.
(लायब्ररीतून निघाल्यावर रस्ता ओलांडायला हवा होता.
इथे गाड्या उजवीकडून.
सत्तर वर्षांची सवय पायात असते, डोक्यात नाही.)
फोन घरी, चार्जिंगला, देवाच्या फोटोपाशी.

ड्रायव्हरबाईंनी काहीतरी विचारलं.
मी म्हटलं, "होम."
त्यांनी मान डोलावली.
होमलाच तर निघाली होती सगळी बस.

मग गाय आठवली.
आमच्या वळणावर आइस्क्रीमचं दुकान, हिवाळाभर बंद,
त्याच्या छपरावर फायबरची गाय, ट्रकएवढी,
पाठीवर वीतभर बर्फ घेऊन उभी.
'काऊ' मला येतं हो.
बत्तीस वर्षं गडहिंग्लजच्या अंगणवाडीत
दुसरं काय शिकवलं मी?
पण भीतीने जीभ टाळूला चिकटली
आणि हात आपोआप वर गेले.

दोन बोटं कपाळाशी.
मग हंबरले.
साडीवर मुलाचं जाकीट घातलेली बाई
भर बसमध्ये हंबरले.

हसतील वाटलं. हसलेच,
पण पहिल्या ओळीतली पोरं हसतात तसं,
उत्तर सांगायची घाई झालेलं.
एकाने हातानेच विचारलं: एवढी?
मी दोन्ही हात पसरले.
छत दाखवलं, गाईला वर चढवलं,
जीभ काढून हवेतलं आइस्क्रीम चाटलं.
मागून केसांत मणी ओवलेली शाळकरी पोरगी
कसलंसं नाव ओरडली
आणि सबंध बस "आऽऽ" म्हणाली.
ड्रायव्हरबाईसुद्धा, आरशातून.

त्या रेडिओवर कुणाशी तरी बोलल्या.
पुढच्या चौकात, समोरच्या बाजूला
उलटी जाणारी बस थांबून राहिलेली, दिवे लावून,
माझ्यासाठी.
आणि धुण्याचं पोतं खांद्यावर घेतलेला
एक उंच माणूस माझ्याबरोबर उतरला.
त्याचा स्टॉप नव्हता तो.
कसं कळलं?
उतरताना त्याने पोत्याकडे पाहिलं, मग बर्फाकडे,
आणि सुस्कारा सोडला.
सुस्काऱ्याला भाषांतर लागत नाही.

शेवटचा रस्ता चालत. तो बोलला नाही फारसा.
निसरडं आलं की कोपर पुढे करायचा.
नुसतं कोपर. धरायचं तर मी धरायचं.
पोत्यातून साबणाचा वास, अजून कोमट.

गाय दिसली तशी मी तिला खरोखर नमस्कार केला.
त्यानेही टोपीला हात लावला,
मला नव्हे, तिलाच.

दाराशी "चहा" म्हटलं. त्याला कळलं.
त्याने घड्याळ दाखवलं.
थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं.
इथे थँक्यू दार धरणाऱ्यालाही, नाणी परत देणाऱ्या मशीनलाही,
आमच्यात घरच्या माणसाला म्हटलं तर रुसतो.
हा कोण होता, ते ठरेना
आणि तोंडून निघालं, "सावकाश जा."
मराठीतच.
तो सावकाश गेला.

निरंजनला सांगितलं नाही.
एकटीला सोडणार नाही परत.

संध्याकाळी दिवा लावते, नावं घेते.
सून, नात, गावाकडची चार घरं.
मग अडते.
पोतंवाल्याला सुखात ठेव म्हणते.
मण्यांच्या पोरीला पास कर.
ड्रायव्हरबाई उठताना गुडघा धरत होत्या, तेवढं बघ.
आणि बस थांबवून धरणारा तो दुसरा,
त्याचा तर मी चेहराही पाहिला नाही नीट.

एखाद्या दिवशी वाटतं,
नेमके कोण, ते देवाला कळलेलं दिसत नाही.
मग मागे वळून पाहते, कुणी नाही ना,
आणि दोन बोटं
कपाळाशी नेते.